गोल गोल फिरण्याची गोष्ट

'अगं, नुसतं गोल गोल तर फिरतात! त्यात काय बघायचं?'

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर रविवारी रात्री हा डायलॉग ठरलेला. माझी रूममेट फॉर्म्युला वनची कट्टर फॅन. चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या डिझाइनचं काम करते, त्यामुळे या विषयात तिचं मत म्हणजे सुप्रीम कोर्टाचा निकाल. तिच्या मते अमेरिकेतल्या ओव्हल ट्रॅकवरच्या शर्यतींना रेसिंग म्हणणं म्हणजे जत्रेतल्या पाळण्याला विमानप्रवास म्हणणं. चारही वळणं डावीकडे. सुरुवात जिथे, शेवटही तिथेच. आपण रोज हिंजवडीला जाऊन परत येतो, त्यापेक्षा वेगळं काय ते?

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही ते पटायचं. मग एक काम आलं. 'खेळाच्या इतिहासातले दहा थरारक शेवट' असा लेख. फ्रीलान्सरला विषय आवडतो की नाही हे कुणी विचारत नाही, सोमवार सकाळपर्यंत कॉपी पाहिजे एवढंच सांगतात. यादीत सात नंबरला होतं : इंडियानापोलिस ५००, वर्ष १९९२. म्हटलं, शेवटची दोन मिनिटं बघू, पाच ओळी लिहू आणि झोपू.

पहाटे साडेतीनला मी अख्खी शर्यत बघून संपवली होती. आणि डोक्यात शर्यतीचा शेवट नव्हताच. त्यानंतर काय झालं, ते घोळत होतं. कारण माझं गाव खर्डा.

थांबा, सांगते.

आधी ती शर्यत. इंडियानापोलिसचा ट्रॅक १९०९ सालचा. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे चार किलोमीटर. अशा २०० फेऱ्या, एकूण ५०० मैल. तीन-तीन गाड्यांच्या अकरा रांगा, म्हणजे ३३ गाड्या. पूर्वी हा सगळा ट्रॅक विटांचा होता. त्याची आठवण म्हणून आजही फिनिश लाइनवर तीन फुटांची विटांची पट्टी राखून ठेवली आहे. गाड्यांची चाकं उघडी, वर मडगार्ड वगैरे काही नाही. दुसऱ्याच्या चाकाला चाक लागलं की गाडी थेट हवेत. जिंकणाऱ्याला शॅम्पेन नाही, दुधाची बाटली! १९३६ साली लुई मेयर नावाच्या ड्रायव्हरने जिंकल्यावर ताक प्यायलं, त्यातून ही प्रथा आली. दुधाच्या धंद्यावर चाललेल्या नगर जिल्ह्यातल्या मुलीला यापेक्षा आपुलकी वाटायला आणखी काय हवं?

२४ मे १९९२. मे महिना, पण थंडी अशी की पारा दहा-अकरा अंशांवर. रेसिंगच्या टायरला पकड यायला तो गरम व्हावा लागतो. थंड टायर म्हणजे तेल सांडलेल्या फरशीवर गुळगुळीत चप्पल. पहिल्या नंबरवरून सुटणार होता रोबर्तो गेरेरो. पात्रता फेरीत त्याने ताशी ३७४ किलोमीटरची सरासरी काढून विक्रम केला होता. हा गडी शर्यत सुरू व्हायच्या आधीच, टायर गरम करता करता गाडी फिरून आपटला. संपलं! वर्षभराची मेहनत, सगळ्यात वेगवान गाडी आणि हिरवा झेंडा बघायलाही मिळाला नाही. आमच्या बॅचमधला एक मुलगा कॅम्पसमध्ये टॉपचं पॅकेज मिळवून जॉइन व्हायच्या आदल्या आठवड्यातच ऑफर रद्द झालेला होता. त्याचा चेहरा आठवला.

त्यानंतर एकामागून एक गाड्या आपटत राहिल्या. २०० पैकी ८५ फेऱ्या पिवळ्या झेंड्याखाली, म्हणजे ओव्हरटेकिंग बंद ठेवून हळू चालवत गेल्या. हा नुसता तमाशा नव्हता. त्याच महिन्यात सरावात फिलिपिन्सचा जोव्ही मार्सेलो गेला होता. वय २७. फॉर्म्युला वनचा तीनदा विश्वविजेता नेल्सन पिके याचे पाय सरावातच चिरडले होते. शर्यतीत अँड्रेटी घराण्यातले चौघे होते. बाप मारिओ, मुलगे मायकल आणि जेफ, आणि पुतण्या जॉन. त्या दिवशी मारिओच्या पायाची बोटं मोडली. जेफच्या गाडीचं चाक निखळलं आणि त्याचे दोन्ही पाय जायबंदी झाले. बाप आणि भाऊ हॉस्पिटलमध्ये, आणि मायकल मात्र एकटा सगळ्यांच्या पुढे पळतोय. २०० पैकी १६० फेऱ्या तो पहिला होता. ११ फेऱ्या उरल्या असताना त्याच्या गाडीचा फ्युएल पंप बंद पडला. गाडी शांतपणे कडेला जाऊन थांबली. मी लॅपटॉपसमोर बसून 'अरे नाही यार!' असं जोरात ओरडले. रूममेट उठली, मला बघितलं आणि परत झोपली.

आता पुढे आला अल अन्सर ज्युनियर. त्याच्या मागे स्कॉट गुडइयर. हा गुडइयर म्हणजे नमुना! त्याची स्वतःची गाडी पात्रता फेरीतच बाहेर पडली होती. टीमने दुसऱ्या ड्रायव्हरची गाडी त्याला दिली, पण नियमाप्रमाणे सुरुवात करायची सगळ्यात शेवटून. तेहतिसाव्या नंबरवरून. तिथून तो दुसऱ्या नंबरला आला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्या, मग गोल गोल फिरण्यातली गंमत कळेल. पुढची गाडी हवा कापत जाते, तिच्या मागे हवेचा पोकळ बोगदा तयार होतो. मागची गाडी त्यात शिरली की तिला हवेचा अडथळा कमी आणि वेग जास्त. आमच्याकडे जामखेड रस्त्याला पोरं सायकली घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे लागतात ना, तेच शास्त्र. पण वळणावर हाच पोकळपणा घात करतो, कारण गाडीला जमिनीवर दाबून धरायलाही हवाच लागते. म्हणजे जवळ गेलं तर वेग मिळतो आणि फार जवळ गेलं तर ताबा सुटतो. प्रत्येक फेरीत चार वेळा हा हिशोब करायचा. शेवटच्या फेऱ्यांमध्ये गुडइयर तेच करत होता. चौथ्या वळणातून बाहेर पडल्यावर त्याने गाडी बाजूला काढली आणि दोघं जवळजवळ एकत्रच विटांच्या पट्टीवरून गेले. फरक ०.०४३ सेकंद. पावणेचार तास पळून फक्त एका गाडीच्या लांबीएवढा फरक. या शर्यतीच्या तोपर्यंतच्या इतिहासातला हा सगळ्यात कमी अंतराचा निकाल.

अन्सर ज्युनियर दूध प्यायला आणि रडला. त्याचा बाप अल अन्सर सीनियर ही शर्यत चार वेळा जिंकलेला, काका बॉबी तीन वेळा, आणि आणखी एक काका जेरी याच ट्रॅकवर १९५९ साली सरावात झालेल्या अपघातानंतर गेलेला. बाप जिंकला आणि मग मुलगाही जिंकला, असं इथे पहिल्यांदाच घडत होतं. आणि त्या दिवशी तिसरा आलेला ड्रायव्हर कोण होता? तोच बाप. जखमी पिकेच्या जागी ऐनवेळी गाडीत बसलेला.

आता माझं खर्डा. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर), जामखेड तालुका. पुण्यात सांगितलं की लोक विचारतात, 'हे कुठे आलं?' मग मी म्हणते, 'खर्ड्याची लढाई!' आणि समोरच्याला सातवी-आठवीचं इतिहासाचं पुस्तक अंधुक आठवतं. ११ मार्च १७९५. पेशवे विरुद्ध निजाम. निंबाळकरांचा भुईकोट किल्ला अजून उभा आहे. २०२१ च्या दसऱ्याला तिथे ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला गेला, तो लांबूनच दिसतो. आम्ही लहानपणी त्या तटावर पतंग उडवायचो.

शाळेत आम्हाला एक वाक्य पाठ होतं. खर्ड्याची लढाई हा मराठ्यांचा शेवटचा मोठा विजय. मार्कांसाठी पाठ केलेलं. 'शेवटचा' या शब्दावर कधी थांबलेच नाही.

त्या दिवशी खर्ड्यात कोण नव्हतं? नाना फडणविसांनी सगळ्यांना बोलावलं होतं. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघुजी भोसले, गायकवाडांची फौज. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. विशीतला पेशवा सवाई माधवराव स्वतः हजर. एकमेकांशी फारसं पटत नसलेले हे सगळे एका बाजूने उभे राहिले. निजामाने किल्ल्याचा आसरा घेतला, वेढा पडला, शेवटी त्याला मुलूख, खंडणी आणि स्वतःचा दिवाण मुशीर-उल-मुल्क देऊन सुटका करून घ्यावी लागली. पुण्यात केवढा जल्लोष झाला असेल!

आणि मग? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर गेल्या. आमच्याच तालुक्यातल्या चौंडीच्या त्या. ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या गच्चीवरून पडून गेला. विजयाला आठ महिनेही झाले नव्हते. गादीवर कुणाला बसवायचं यावरून ओढाताण सुरू झाली, नाना आणि शिंदे एकमेकांना शह देऊ लागले. १८०० साली नाना गेले. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. खर्ड्यात एका बाजूने लढलेली घराणी सात वर्षांत एकमेकांसमोर. पेशवा पळून इंग्रजांकडे गेला, वसईचा तह झाला. १८१८ ला सगळंच आटोपलं.

तर त्या पहाटे साडेतीनला मी १९९२ च्या शर्यतीतल्या ड्रायव्हर्सची यादी बघत होते. ३३ पैकी दहाजण ही शर्यत आधी जिंकलेले होते. हा विक्रम. फॉइट, अन्सर सीनियर, रिक मिअर्स, चार-चार वेळा जिंकलेले तिघेही एकाच मैदानात. मारिओ अँड्रेटी, फिट्टीपाल्डी, रेहाल, सगळे होते. सगळे सरदार हजर! ५७ वर्षांचा फॉइट नववा आला आणि पुन्हा कधी या शर्यतीत उतरला नाही. मिअर्स त्याच वर्षी निवृत्त झाला. मग मी पुढे वाचत गेले आणि खर्डाच वाचत असल्यासारखं वाटायला लागलं.

अमेरिकेतल्या या शर्यतींचा कारभार तेव्हा 'कार्ट' नावाच्या संघटनेकडे होता. ती टीममालकांची. पण इंडियानापोलिसचा ट्रॅक एका घराण्याचा, आणि त्याचा प्रमुख होता त्या घराण्यातला नातू, टोनी जॉर्ज. त्याचं म्हणणं, खर्च हाताबाहेर चाललाय, ओव्हल शर्यती मागे पडतायत, अमेरिकन पोरांना गाडी मिळत नाही. मालकांचं म्हणणं, गाड्या आमच्या, इंजिनं आमची, पैसा आमचा, मग एका माणसाचा हुकूम का ऐकायचा? दोघांच्या म्हणण्यात थोडं थोडं खरं होतं. भांडणात हाच तर घोटाळा असतो. १९९४ साली जॉर्जने स्वतःची वेगळी मालिका जाहीर केली. १९९६ च्या शर्यतीत ३३ पैकी २५ जागा त्याने आपल्या मालिकेतल्या टीम्ससाठी राखून ठेवल्या. मालकांनी बहिष्कार टाकला आणि त्याच दिवशी, २६ मे १९९६ ला, मिशिगनमध्ये स्वतःची ५०० मैलांची शर्यत भरवली. आमच्याकडे खरे स्टार आहेत, असा त्यांचा तोरा. हिरवा झेंडा पडायच्या आतच त्यांच्या दहा-बारा गाड्या एकमेकींवर आदळल्या!

इकडे इंडियानापोलिसला स्टार नाहीत, तिकडे स्टार आहेत पण इंडियानापोलिस नाही. बघणारे कंटाळले आणि नॅस्कारकडे वळले. १९९२ साली शिखरावर असलेला खेळ चार वर्षांत दुभंगला. कुणी बाहेरच्याने हरवलं नाही हो. घरचेच पुरले.

हे मला एवढं का लागलं, ते आता सांगायला हवं.

आमचं खर्ड्यात खतं-बियाण्यांचं दुकान. बाबा आणि काका मिळून चालवायचे. २०१३ साली माझा दहावीचा निकाल लागला. शाळेत मुलींमध्ये पहिली. दोघं भाऊ एका मोटरसायकलवर बसले, मधे पेढ्यांचे बॉक्स, आणि अख्ख्या गावात वाटत फिरले. काका गाडी चालवतोय, मागे बाबा एका हाताने बॉक्स सांभाळत दुसऱ्या हाताने लोकांना पेढे देतायत, असा एक फोटो आहे. दोघांच्या चेहऱ्यावर असं हसू, जसं काही पहिला नंबर त्यांचाच आलाय. त्याच दिवाळीला वाटणी झाली. दुकानाच्या मधोमध विटांची भिंत आली. उधारी कुणी वसूल करायची यावरून सुरू झालं, मग आजीच्या पाटल्या, मग बांध, मग कुणी कुणाला काय म्हटलं. मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं होतं.

तो फोटो मी कित्येकदा बघितलाय, भिंत कुठे दिसते का ते शोधत. उधारीचा वाद तेव्हाही होताच, आई सांगते. पण जिंकण्याच्या दिवशी कुणाला काही दिसत नाही. उलट मला आता वाटतं, जिंकणं हाच धोका असतो. समोर निजाम असेपर्यंत सगळे एका बाजूला असतात. तो गेला की हिशोबाच्या वह्या उघडतात. तुमच्या ऑफिसात बघा. प्रोजेक्ट बुडायची वेळ येते तेव्हा सगळी टीम रात्री दोन वाजता एकाच पिझ्झ्यावर जगते. प्रोजेक्ट गाजलं, की महिन्याभरात क्रेडिट कुणाचं, प्रमोशन कुणाचं, यावरून दोन व्हॉट्सॲप ग्रुप होतात.

२०२५ च्या मे महिन्यात मी घरी गेले होते. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नाही. चुलतभावाच्या लग्नाचं कार्ड आलं होतं. भिंतीपलीकडून. कुरियरने! बाबांनी ते न उघडता कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलं होतं. मी विषय काढला नाही. सहज म्हणून फोनवर १९९२ च्या शेवटच्या फेऱ्या लावल्या. बाबांना त्यातलं ओ की ठो माहीत नाही, पण शर्यत म्हटल्यावर वाकून बघायला लागले.

'मागचा कोण?'

'गुडइयर. शेवटच्या नंबरवरून आलाय.'

'मंग काढ की बाहेर! काढ!' आणि निकाल लागल्यावर मांडीवर थाप मारून, 'थोडक्यात गेलं बघ.'

मी मग पुढची गोष्ट सांगितली. फाटाफूट, दोन शर्यती, रिकामे होत गेलेले स्टँड. बाबा ऐकत होते.

'भांडण कशावरनं झालं?'

'हुकूम कुणाचा चालणार, यावरून.'

'पैशावरनं नाही?'

'तेही होतंच.'

बाबांनी काउंटरवरची धूळ फडक्याने पुसली. पुसलेलीच जागा पुन्हा पुसली.

'मंग ते परत एक झाले का नाही?'

'झाले. २००८ मध्ये. बारा वर्षांनी.'

'आपल्याला अकरा झाली,' बाबा म्हणाले. 'दिवाळीला बारा होतील.'

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, 'आणि बघणारी माणसं? ती आली का परत?'

'हळूहळू येतायत. पण मधली बारा वर्षं गेली ती गेलीच ना बाबा.'

संध्याकाळी दुकान बंद करताना ते म्हणाले, 'त्या पोराचं लग्न किती तारखेला हाय, बघ जरा.'

'कार्ड तुमच्याच मागे खोचलंय की.'

'माझा चष्मा नाही.'

चष्मा त्यांच्या डोळ्यावरच होता.

तर मंडळी, सिनेमातल्यासारखं काही झालं नाही. बाबा लग्नाला गेले. अक्षता टाकल्या, आहेर दिला, जेवायला मात्र थांबले नाहीत. भिंत अजून आहे. आजीच्या पाटल्यांचा विषय निघाला की आई अजूनही स्वयंपाकघरात निघून जाते. रूममेटला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, 'पण तरी ते गोल गोलच फिरतात ना!' फिरतात खरे. फिरून फिरून त्याच विटांच्या पट्टीवर येतात.

मांडवातून निघालो तेव्हा काका हात पुसत आमच्यामागे गाडीपर्यंत आला. मी मुद्दाम पुढे जाऊन बसले. आरशात दोघं दिसत होते, एकमेकांकडे न बघता रस्त्याकडे बघत उभे. मिनिटभर काहीतरी बोलले. काय, ते मला ऐकू आलं नाही. यंदा पाऊस कसाय, असंच काहीतरी असणार.